काही देणे नसल्याचा दाखला

विषय : शासकीय शिष्यवृत्तीपोटी काही देणे राहिले नसल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : सूर्यमाळजवळच्या पाड्यावर राहणारे श्री. रावजी यांचा, त्यांची कन्या कु. मंजुळा हिच्या शिक्षणासंबंधीचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी सेवानिवृत्त लिपिक आहे आणि गप्पा मारायला बसलो तरी माझ्या तोंडून आधी विषय आणि संदर्भच बाहेर पडतो. घरी चहा मागितला तरी बायको म्हणते, "अर्ज ठेवून जा, बघते!"

जव्हारकडच्या पठारावर एक लहानसं आर्ट्‌स कॉलेज होतं. तिथे स्कॉलरशिपच्या टेबलावर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता, आणि ठाण्याला गेलेला कागद परत यायला माणसापेक्षा जास्त दिवस लागायचे. इतरांच्या टेबलावर काय काय साठतं त्याबद्दल मी बोलणार नाही. माझ्या टेबलावर किस्से साठले. एक काढायला जावं तर टाचणीला अडकून दुसरा बाहेर येतो. त्यातले बरेचसे रावजीच्या फाइलीतलेच आहेत, म्हणून तीच फाइल उघडतो.

*

रावजी पहिल्यांदा आला तो मंजुळाच्या अ‍ॅडमिशनला. मुलगी आश्रमशाळेतून बारावी झालेली, सेकंड क्लास. सूर्यमाळहून चालत मोखाडा, तिथून एसटीने आमच्याकडे. फॉर्म भरून झाला, मंजुळाने वळणदार सही केली. पालकाचा अंगठा घ्यायला मी शाईचं पॅड पुढे सरकवलं, तर रावजीने हात पाठीमागे नेला.

"तू सांग, हे पैसं फेडायचं कोनी?"

आमच्या भागातली माणसं साहेबालाही 'तू' म्हणतात. मला ते नेहमी बरं वाटत आलं. 'तुम्ही' म्हणणारे बहुधा ऑडिटचे असत.

"फेडायचे नसतात रावजी. सरकार फुकट देतं."

"फुकट?"

"फुकट."

"मंग तुला पगार कोन देतो?"

"सरकार."

"तो पन फुकट?"

आतल्या केबिनमधून प्राचार्य सरांच्या खोकण्याचा आवाज आला. हसू दाबायचं असलं की ते खोकायचे.

मग रावजीने सांगितलं. त्याच्या बापाने लग्नासाठी घाटाखालच्या एका मालकाकडून पैसे उचलले होते. फेडायचे म्हणजे मालकाच्या शेतावर राबायचं. बाप राबला आणि राबता राबता गेला. दहा दिवसही झाले नव्हते तोच मालकाचा माणूस दारात उभा. किती फिटलं, किती राहिलं, याचा कागद कुणाकडेच नव्हता. मालकाच्या तोंडून निघेल तो हिशेब. मिसरूड फुटायच्या आधी रावजी त्या शेतावर गेला आणि सात पावसाळे राबला.

"कागूद नव्हता म्हनून," रावजी म्हणाला. "उद्या मी मेल्यावं माझ्या पोरीच्या दाराशी कोनी येल, का तुझ्या शिक्षनाचं पैसं राहिलं. मंग ती काय दाखविल? तिचं शिकून झालं का तू कागूद दे. कायएक देनं नाय, असा. शिक्क्याचा."

"देईन," मी म्हणालो.

लिपिकाने नोकरीभर जो शब्द टाळायचा असतो तो माझ्या तोंडून गेला. रावजीने अंगठा उठवला.

*

फॉर्मला उत्पन्नाचा दाखला जोडावा लागे. तलाठ्याने विचारलं, "वर्षाचं उत्पन्न किती?" रावजी सांगू लागला. नागली झाली ती अशी, वरई पावसाने झोपवली, मोहाची फुलं, करवंदं, वीटभट्टीवरची मजुरी, दोन कोंबड्या, त्यातली एक मुंगसाने नेली. तलाठी मान डोलवत ऐकत होता. आकडा त्याने आधीच लिहून ठेवला होता. अकरा हजार.

त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या सगळ्या दाखल्यांवर अकरा हजारच होते. ज्याला दोन बैल त्याचे अकरा, ज्याला बैलाचं शेपूटही नाही त्याचेही अकरा! समाजवाद जगातून कधीच संपला असं मी पेपरात वाचलं होतं. आमच्या तलाठ्याच्या वहीत तो ठणठणीत होता.

मंजुळाने दाखला वाचून दाखवला तसा रावजी उलट पावली परत गेला.

"मला अकरा हजार मिळालं, असं तू लिवलंस?"

"हो. त्यात काय झालं?"

"मला गावलं चार. बाकीचं कुठं हायेत?"

"अरे बाबा, ते नुसतं कागदावर असतं."

"मंग तू बघितलंस कं? मी तर बघितलं नाय."

तलाठ्याने कंटाळून दाखला फाडला आणि नवा लिहिला, चार हजारांचा. सबंध तालुक्यात खरा असलेला तो बहुधा एकमेव दाखला. आणि वरच्या ऑफिसने नेमका तोच परत पाठवला! शेरा होता : "उत्पन्न संशयास्पदरीत्या कमी दिसते. खात्री करावी."

*

दिवाळी झाली की आमचं कॉलेज ओस पडायचं. घरची माणसं भिवंडीच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जायची आणि मुलंही त्यांच्याबरोबर. स्कॉलरशिपला पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. हजेरीसाठी थांबावं तर पोटाला आणि एसटीच्या पासाला पैसे कुठून आणायचे? भट्टीवर जावं तर स्कॉलरशिप जाते. मंजुळाही त्या वर्षी भट्टीवर गेली.

प्राचार्य सर साताऱ्याकडचे, नियमाला कडक. "हजेरी म्हणजे हजेरी," म्हणाले, मस्टर काखेत मारलं आणि मला घेऊन एसटीत बसले. भट्टीवर आमचं अर्धं एफवाय हजर होतं, हात कोपरापर्यंत चिखलात. सरांनी चष्मा लावला आणि नावं पुकारली.

"प्रेझेंट सर!" "प्रेझेंट सर!"

मुकादम विडी पेटवायची विसरला. सरांनी घमेलं पालथं घातलं, त्यावर बसले आणि राज्यशास्त्राचा पूर्ण तास घेतला. विषय, मूलभूत हक्क. मंजुळा विटा पाडता पाडता उत्तरं देत होती. रावजी माती तुडवत ऐकत होता. तास संपल्यावर म्हणाला, "मास्तर, हे हक या मुकादमाला पन सांग की!"

सर म्हणाले, "तो आपल्या रोलवर नाही."

त्या हिवाळ्यात आम्ही असे सहा वेळा गेलो. मस्टरवर सरांनी शेरा मारला, 'शैक्षणिक सहल'. पुढे ऑडिटला आलेल्या साहेबांनी त्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

"एकाच ठिकाणी सहा सहली? काय आहे तिथे एवढं पाहण्यासारखं?"

सर म्हणाले, "आमचे विद्यार्थी."

साहेबांनी बोट उचललं. आक्षेप काही लिहिला नाही. त्या दिवशी चहा मात्र दोनदा घेतला.

*

पहिल्या वर्षाच्या पुस्तकांची रक्कम आली तेव्हा मंजुळाची बॅच दुसऱ्या वर्षात होती. तोवर त्यांनी एकेक पुस्तक पाच-पाच जणांत वाचून परीक्षा दिली होती. मुली गावात खोली घेऊन राहायच्या, शनिवारी घरी जाऊन नागलीचं पीठ आणायच्या आणि सोमवारी पिठाच्या पिशवीसकट वर्गात बसायच्या. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सह्या घेऊन मी रक्कम वाटली. वरून सूचना होती, 'रक्कम त्याच वर्षाच्या पुस्तकांवर खर्च झाल्याची खात्री करावी.'

मी मंजुळाला विचारलं, "आता पहिल्या वर्षाची पुस्तकं घेणार?"

ती म्हणाली, "घेते ना सर. आणि पहिल्या वर्षाचं जेवनपन जेवून घेते!"

*

त्याच वर्षी तिचा रजेचा अर्ज आला. 'माझ्या आईवडिलांचे लग्न असल्यामुळे मला चार दिवसांची रजा मिळावी.'

सरांनी मला आत बोलावलं. "ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही सर. खरंच लग्न आहे."

मग मला खुलासा करावा लागला. आमच्या डोंगरात लग्नाच्या खर्चापायी संसार अडत नाही. दोघं घर मांडतात, शेत करतात, मुलंबाळं होतात. गावाला जेवण घालायची ऐपत आली की मग मांडव. कधी बापाची आणि मुलाची हळद एकाच मांडवात लागते. रावजीच्या बापाला ही सवड मिळाली नव्हती, त्याने पैसे उचलून लग्न केलं आणि त्याचं काय झालं ते मी सरांना सांगितलं. म्हणून रावजीने ठरवलं होतं, पैसे गाठीला असतील तेव्हाच हळद. गाठीला यायला वीस वर्षं लागली.

सरांनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं होतं. त्याची कपात दरमहा मीच करत होतो.

शेवटी त्यांनी शेरा लिहिला : "मंजूर. यापुढे अशा प्रसंगी पुरेशी पूर्वसूचना द्यावी."

आम्ही दोघं लग्नाला गेलो. सूर्यमाळची थंडी, मांडवात गाणाऱ्या बायका, आणि आईच्या गालाला हळद लावताना हसून हसून बेजार झालेली मंजुळा. असं लग्न मी पुन्हा पाहिलं नाही. नवा पांढरा सदरा घातलेल्या रावजीने सगळ्या पाड्याला माझी ओळख करून दिली, "ह्यो मला कागूद देनार हाये!"

माझ्या पानात वाढलेला भात त्या क्षणी थोडा जड झाला.

*

पुढे दोन हजार साल उलटलं आणि एका बँकेला आमच्या कॉलेजचा शोध लागला. नागपूरकडचे तरुण मॅनेजर टाय लावून आले. एज्युकेशन लोन नावाची नवी गोष्ट होती. "आता शिक्षण पैशावाचून अडणार नाही. हे कर्ज नव्हे, ही भविष्यातली गुंतवणूक आहे," असं ते म्हणाले. मागच्या बाकावरून मंजुळा उभी राहिली.

"फेडायचं कधी?"

"नोकरी लागल्यावर."

"नाय लागली तर?"

"लागेल. आत्मविश्वास ठेवा!"

"तुमच्या बँकेत जागा हायेत कं?"

मॅनेजर म्हणाले, "सध्या भरती बंद आहे."

खोकण्याचा आवाज पहिल्या रांगेतून आला.

तरी मंजुळाच्या वर्गातल्या एका मुलाने लोन घेतलं. मंजूर झालं त्याच्या दुसऱ्या सोमवारी मॅनेजरांचा मला फोन, "जरा लवकर या!" जाऊन पाहतो तर त्या मुलाचा बाप बँकेच्या मागच्या आवारात. खांद्यावर घोंगडी, हातात कोयता. आवारातलं कमरेएवढं वाढलेलं गवत त्याने निम्मं कापून काढलं होतं.

"यांना सांगा हो, काम करायचं नसतं," मॅनेजर घामाघूम झाले होते. "हप्ते भरायचे असतात!"

मी सांगितलं. बापाने कोयता खाली ठेवला आणि मॅनेजरांकडे नीट पाहिलं.

"काम नको, तर पैसं कशाचं देलंस?"

 पुढे मॅनेजर मला म्हणाले, "आमच्या ट्रेनिंगमध्ये सगळं होतं. हा प्रश्न नव्हता."

*

मंजुळा बी.ए. झाली. नाशिकला बी.एड.ला नंबर लागला. तिथे द्यायला कॉलेज सोडल्याचा दाखला हवा, आणि त्याआधी 'नो ड्यूज'चा फॉर्म. ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा, कार्यालय, प्रत्येकाची सही. आमचं कॉलेज आर्ट्‌सचं, प्रयोगशाळा नव्हतीच. तरी रकाना होता म्हणून तिथली सही मीच करायचो. ग्रंथालयाचं देणं सबंध कॉलेजात एकाच माणसाच्या नावावर निघालं. ग्रंथपालांनी यादी माझ्याच हातात दिली. बाकी काही कमावलं नाही तरी वाचन भरपूर केलं.

रावजी बरोबर आला होता. त्याने तो फॉर्म मंजुळाकडून ओळ न ओळ वाचून घेतला.

"यात सरकार कुठं हाये?"

"हा कॉलेजचा आहे रावजी."

"पुस्तक परत देलं, खेळायचा बाल परत देला, ते मला ठाव हाये. पैशाचं लिव. तू बोल्ला होतास."

बोललो होतो. तो दाखला द्यायचा अधिकार माझा नव्हता, सरांचाही नव्हता, आणि तसला नमुना कुठल्याच कपाटात नव्हता. म्हणून रावजीच्या वतीने मीच अर्ज लिहिला, टाइप केला, कार्बन घालून तीन प्रती काढल्या. सरांनी 'शिफारशीसह सादर' असं लिहिलं. संदर्भात दिलेला अर्ज तो हाच.

मंजुळा जाताना म्हणाली, "सर, बाबाला झोप लागत नाय. शिकले मी, आनि परीक्षा त्याचीच चाललेय."

*

वरच्या कार्यालयाचं पहिलं उत्तर आलं : "सदर विद्यार्थिनीस कर्ज कोणत्या योजनेतून मंजूर झाले होते ते कळवावे."

आम्ही कळवलं, कर्ज नव्हतं, शिष्यवृत्ती होती.

दुसरं उत्तर : "कर्ज नसल्यास देणे उद्भवत नाही. देणे उद्भवत नसल्याने ते नसल्याचा दाखला देता येत नाही."

सरांनी चिडून स्वतःच्या हाताने लिहिलं की, पालकास भीती वाटते, सबब दोन ओळी लिहून द्याव्यात, शासनाचे त्यात काही जात नाही.

तिसरं उत्तर आलं तेव्हा सर निवृत्तीला आले होते. त्यात मार्ग सुचवला होता. "थकबाकीदारांच्या यादीत नाव असल्याशिवाय बेबाकी दाखला देण्याची तरतूद नाही. तरी सदर विद्यार्थिनीचे नाव प्रथम थकबाकीदार म्हणून समाविष्ट करावे, व तद्‌नंतर ते वगळण्याबाबत स्वतंत्र प्रस्ताव सादर करावा."

मी हे रावजीला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिलं नाव टाकतील. काढनारा मानूस तोच असंल कं दुसरा?"

सरांनी तो प्रस्ताव केला नाही. निरोप समारंभाच्या दिवशी फाइल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "एवढी एकच राहिली हो." आणि त्या दिवशी ते खोकले ते हसू दाबण्यासाठी नव्हतं.

*

आता शेवटचा.

काही वर्षांनी एका दुपारी मंजुळा आणि रावजी ऑफिसात आले. मंजुळा जामसरच्या बाजूला शिक्षिका झाली होती. पायात चपला, हातात घड्याळ, बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध. रावजी वाकला होता. मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"कागूद आला कं?"

"नाही रावजी. अजून वरच आहे."

त्याने मान हलवली. रागावला नाही. मंजुळाकडे पाहिलं. तिने पर्समधून घडी घातलेला फुलस्केप काढून माझ्यासमोर ठेवला. अक्षर तिचं होतं, खाली अंगठा रावजीचा. मजकूर असा :

"मी, रावजी, राहणार सूर्यमाळचा पाडा, लिहून देतो की, सरकारने माझ्या मुलीला शिकवले. मी सरकारच्या रस्त्यावर खडी फोडली. पाऊस पडला नाही त्या साली तीन आठवड्यांची मजुरी सरकारकडे राहिली होती. ती मी सोडली. माझ्या पश्चात माझी मुलगी ती मागणार नाही. सरकारकडे आमचे आता काही येणे नाही. सरकारने काळजी करू नये."

मी दोनदा वाचलं.

"सर, मी सांगितलं त्याला, असं नसतं," मंजुळा हळूच म्हणाली. "ऐकत नाही."

"तुझं सरकार देत नाय," रावजी म्हणाला, "तर मी देतो. शिक्का मार."

माझ्या अधिकारात एकच शिक्का होता, आवकचा, म्हणजे कागद मिळाला एवढंच सांगणारा. मी तो पॅडवर दाबला आणि कागदावर मारला. क्रमांक टाकला, तारीख टाकली, सही केली. झेरॉक्स काढून आणली, तिच्यावरही शिक्का मारला आणि पोच म्हणून रावजीच्या हातात दिली. त्याने ती उन्हाकडे धरून शिक्का पूर्ण उठलाय की नाही ते पाहिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आता चहा सांग."

मूळ कागद अर्जाला जोडून मी वर पाठवला. वरून विचारणा आली : "सोबतचे सहपत्र कोणत्या प्रयोजनार्थ जोडले आहे, याचा खुलासा करावा."

खुलासा पाठवलेला नाही. दरम्यान मी सेवानिवृत्त झालो. कार्यभार सोपवताना दिलेल्या यादीत या प्रकरणाची नोंद आहे.

अर्ज प्रलंबित आहे.